आधी तारांची उंची मोजा, मग बोटांना दोष द्या

पत्र थोडक्यात: वाचक ३६ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. लहानपणी चार वर्षं पेटी शिकल्या, गातात काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा). स्वतः गिटार वाजवत गावं ही जुनी हौस. जूनमध्ये २,६०० रुपयांची ३८ इंची गिटार ऑनलाइन मागवली, त्याला आता सहा आठवडे झाले. बोटांची टोकं सोलल्यासारखी दुखतात, सी कॉर्डमधल्या (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडायचे स्वर) दोन तारा मुक्या राहतात, एफ कॉर्ड तर वाजतच नाही. सुरात लावलेली गिटार दहा मिनिटांत उतरते. नवऱ्याचं म्हणणं, हे शिकायचं वय गेलं. दीर म्हणतात, स्वस्तातली घेतली तिथंच चुकलं, हप्त्यांवर १५ हजारांची घ्या. गावातल्या क्लासची फी महिन्याला १,२०० रुपये आणि तिथं सगळी शाळकरी मुलं. हाताशी आणखी तीन हजार आहेत. त्या विचारतात, ‘माझी बोटंच आखूड आहेत का? हे पैसे नव्या गिटारसाठी साठवू, क्लासला भरू, की नाद सोडून देऊ?’

ताई,

तुमच्या पत्रात दोष दोन ठिकाणी वाटला गेलाय. तुम्ही तो स्वतःच्या बोटांना दिलाय आणि दिरांनी गिटारच्या किमतीला. या दोहोंच्या मधली एक गोष्ट कुणीच पाहिलेली नाही: गिटारच्या तारा दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून, म्हणजे फ्रेटपासून, किती उंचावर आहेत. या उंचीला वाजवणारे ‘ॲक्शन’ म्हणतात. तुम्ही लिहिलेल्या चारपैकी तीन तक्रारी, म्हणजे सोललेली बोटं, मुक्या तारा आणि न वाजणारा एफ, एकट्या वाढलेल्या ॲक्शनमुळे होऊ शकतात. दोन-अडीच हजारांची गिटार कारखान्यातून खोक्यात जाते आणि खोक्यातून थेट तुमच्या घरी येते. मधे कुणीही ती वाजवण्याजोगी करून दिलेली नसते. या कामाला ‘सेटअप’ म्हणतात. १५ हजारांची गिटारही ऑनलाइन मागवली तर तशीच, सेटअपविना येऊ शकते. म्हणून पैसे कुठं घालायचे हे ठरवण्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या.

त्यासाठी घरातली मुदत संपलेली एटीएम कार्डं गोळा करा, पाच पुरेत. अंक उठावाचे नसलेली, सपाट घ्या. अशा कार्डाची जाडी जगभर एकच असते, ०.७६ मिलिमीटर. कंपासपेटीतली पट्टी इथं उपयोगाची नाही, कारण तिचा शून्य टोकापासून थोडा आत असतो आणि इथं अर्ध्या मिलिमीटरनं फरक पडतो.

आधी फोनवरच्या ट्यूनर ॲपनं गिटार नीट सुरात लावा. तारा सैल असताना घेतलेलं माप खोटं येतं. मग ती वाजवण्याच्या स्थितीत मांडीवर धरा आणि बारावा फ्रेट शोधा. तिथं बहुतेक वेळा दोन ठिपके असतात. कार्डांची चळत सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली बाजूनं सरकवा. चळतीची कड बरोबर बाराव्या फ्रेटच्या धातूवर यायला हवी आणि बाकीचं कार्ड साउंडहोलच्या, म्हणजे फळीवरच्या गोल भोकाच्या दिशेला. तार वर उचलली न जाता किती कार्डं जातात ते पाहा. तीन जातात आणि चौथं अडतं, तर उंची अडीच मिमीच्या आसपास आहे, म्हणजे उत्तम. चार सहज जात असतील तर तीन मिमी ओलांडलंय. पाचही गेली तर उंची पावणेचार मिमीच्या पुढं आहे, आणि अशा गिटारवर मुरलेल्या वादकाचीही बोटं दुखतील. पहिल्या, म्हणजे बारीक तारेखाली दोन कार्डं जावीत आणि तिसरं अडावं.

आता दांडी बघू. पहिल्या फ्रेटवर सहावी तार एका हातानं दाबा, दुसऱ्या हाताच्या करंगळीनं तीच तार चौदाव्या फ्रेटवर दाबा. (घरात कुणी असेल तर त्यांना एक टोक धरायला सांगा.) अशी ताणलेली तार सरळ रेषेसारखी असते. मधोमध, सातव्या फ्रेटपाशी, तार आणि धातू यांच्यात साध्या व्हिजिटिंग कार्डाइतकी फट हवी. तिथं एटीएम कार्ड आरामात जात असेल तर दांडी तारांच्या ताणानं धनुष्यासारखी वाकलीय. दांडीच्या आत एक लोखंडी गज असतो, ट्रस रॉड. त्याचं तोंड साउंडहोलच्या आत किंवा डोक्याकडच्या छोट्या झाकणाखाली असतं आणि त्यात ॲलन की (षटकोनी किल्ली) बसते. गज आवळला की दांडी सरळ होते.

तिसरी तपासणी तुमच्या एफची. एफचाच आकार जसाच्या तसा पाचव्या फ्रेटवर नेऊन दाबा. (तिथं त्याचं नाव ए होतं, पण ते आत्ता सोडून द्या.) पाचव्यावर स्वच्छ वाजला आणि पहिल्यावर मुका राहिला, तर तुमच्या बोटांत काही कमी नाही. डोक्याजवळच्या पांढऱ्या पट्टीतल्या, म्हणजे नटमधल्या खाचा उथळ राहिल्यात आणि त्यामुळं पहिल्या फ्रेटपाशी तार उगाच उंच आहे. खात्री करायची तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. तिथं केस जाईल एवढीच जागा हवी. हा दोष स्वस्त गिटारींत सर्रास असतो. नवशिक्यांना तोच सगळ्यात जास्त छळतो, कारण सुरुवातीच्या सगळ्या कॉर्ड पहिल्या तीन फ्रेटांतच असतात. सी कॉर्डमधलं तर्जनीचं बोटही पहिल्याच फ्रेटवर, दुसऱ्या तारेवर पडतं. मुक्या राहणाऱ्या दोन तारांतली एक बहुधा तीच असणार.

तुमची गिटार जूनमध्ये आली हेही महत्त्वाचं आहे. लाकूड पावसाळ्यात ओल पितं, गिटारची पुढची फळी ब्रिजपाशी (तारा फळीला जिथं अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीपाशी) किंचित फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. मे महिन्यात ठीक असलेली गिटार जुलैत कडक वाटते ती यामुळं. म्हणून आत्ता भर पावसात तारा अगदी खालपर्यंत उतरवून घेऊ नका. फाल्गुन-चैत्रात फळी बसली की त्याच तारा फ्रेटना लागून खरखरायला लागतील. सहाव्या तारेचं माप सध्या पावणेतीनवर थांबवा. ज्यांच्याकडं उन्हाळा कोरडा भाजतो, नागपूर-चंद्रपूरकडं, त्यांना हा फरक आणखी जाणवेल.

सेटअप शक्यतो दुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्या. साताऱ्यात किंवा पुण्यात वाद्यांच्या दुकानात विचारलं तर माणूस मिळतो आणि मजुरी साधारण ५०० ते १,००० रुपये पडते. ‘तारा खाली करून द्या’ एवढंच मोघम सांगू नका. ‘ट्रस रॉड बघा, नटच्या खाचा बघा, मग सॅडल उतरवा, बाराव्या फ्रेटवर जाड तार पावणेतीन आणि बारीक तार दोन-सव्वादोन मिमी ठेवा’ असं मापासकट सांगा. (सॅडल म्हणजे ब्रिजमध्ये उभी खोचलेली पांढरी पट्टी.) क्रमही हाच हवा. आधी सॅडल घासलं आणि नंतर दांडी सरळ केली, तर तारा गरजेपेक्षा खाली जातात आणि घासलेलं प्लास्टिक परत येत नाही.

घरी करायचंच असेल तर फक्त सॅडलला हात लावा. तारा काढा, त्या पट्टीवर कापड ठेवून पकडीनं सरळ वर ओढा. बहुतेक गिटारींत ती नुसती खोचलेली असते, चिकटवलेली नसते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून तिथं अर्धा मिमी कमी करायचा तर सॅडलमधून एक मिमी काढावा लागतो. तेवढ्यावर खालच्या बाजूनं पेन्सिलीची रेघ मारा. आरशाच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून सॅडलची खालची कड त्यावर उभी धरून, सरळ मागंपुढं घासा. वरच्या गोलाईला हात लावायचा नाही. कड तिरपी झाली तर सॅडल खाचेत डुगडुगतं आणि आवाज बसका होतो, म्हणून दर दहा-पंधरा घासांनी ती सपाट आरशावर उभी करून पाहा. रेघेच्या जरा अलीकडंच थांबा, तारा चढवा, सुरात लावा, पुन्हा कार्डं घालून मोजा. सुरुवात करण्याआधी ५०-१०० रुपयांचं एक जादा सॅडल आणून ठेवा आणि घासाघाशी त्याच्यावर करा. मूळचं जपून ठेवलं की चुकीला परतीची वाट राहते. नटच्या खाचांना मात्र घरी हात लावू नका. त्यांना तारेच्या जाडीच्या बारीक कानशी लागतात, आणि एक घास जास्त झाला की मोकळी तारच खरखरते.

काही गिटारींवर हा खर्च करू नये, तेही सांगायला हवं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल, म्हणजे ब्रिज उखडायला लागला असेल. दांडी अंगाला मिळते तिथं भेग दिसत असेल. टोकाकडून एक डोळा मिटून पाहिल्यावर दांडीला पीळ दिसत असेल. किंवा सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम दोन मिमी उरलं असूनही तारांखाली पाच कार्डं जात असतील. या शेवटच्या दोषात दांडीचा कोनच चुकलेला असतो आणि तो सुधारायचा खर्च गिटारच्या किमतीपेक्षा जास्त. यातलं काही आढळलं आणि परतीची मुदत असेल तर परत करा. मुदत गेली असेल तर तीन हजार शिल्लक ठेवा, पुढं सांगतो तशी जुनी गिटार शोधा.

दहा मिनिटांत सूर उतरतो त्याचं कारण निराळं. नवी तार ताणत राहते. सुरात लावल्यावर तिला बाराव्या फ्रेटपाशी बोटानं हलकेच वर ओढा, सूर उतरेल, पुन्हा लावा. तीन-चार वेळा असं केलं की ती थांबते. खुंटीवर तारेचे दोन-तीन वेढे, एकाखाली एक असे नीट बसलेले हवेत. एकच वेढा असेल तर तार घसरते, सहा-सात वेढ्यांचा गुंता असेल तर आवळत बसते. खुंटी फिरवताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकतेय. तार बाजूला करून खाचेत टू-बी पेन्सिलीचं टोक फिरवा, शिसाच्या पुडीनं ती सरकायला लागते. आणि सूर नेहमी खालून वर आणून थांबवा. वर गेला तर पुन्हा खाली उतरा आणि परत चढा. स्वस्त खुंट्यांच्या दात्यांत थोडी ढील असते, खालून वर आलं की ती आवळलेली राहते. मोकळ्या तारा ॲपवर बरोबर आणि कॉर्ड मात्र बेसूर, असं होत असेल तर पुन्हा तेच दुखणं: उंच तार दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो.

तुम्हाला पेटी येते, ही मोठी शिदोरी आहे. गिटारच्या मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडं ई, ए, डी, जी, बी, ई. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. (लावताना मात्र ॲपच वापरा. सप्तकाचा घोळ झाला तर तार तुटते, आणि जुनी पेटी प्रमाण सुराला, म्हणजे ४४० हर्ट्झच्या ए-ला, असेलच असं नाही.) तुम्ही काळी पाचमध्ये गाता. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, तिसऱ्या फ्रेटवर लावा आणि जी कॉर्डचा आकार वाजवा, तो तुमचा सा झाला. ज्यांची काळी चार आहे त्यांनी कॅपो पहिल्यावर लावावा, पांढरी सहा असेल तर दुसऱ्यावर, आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषांनी सहाव्यावर. आकार सगळ्यांचे तेच.

कॅपोचा तुम्हाला दुहेरी फायदा आहे. पूर्ण मापाच्या गिटारवर पहिलं घर (घर म्हणजे दोन फ्रेटमधली जागा) साधारण ३६ मिमी लांब असतं. कॅपो तिसऱ्यावर लावला की पहिलं घर ३१ मिमीच्याही आत येतं. आखूड बोटांची काळजी तिथंच निम्मी संपते. शिवाय नटचा दोष कॅपोच्या मागं राहतो, तारा बोटाखाली सौम्य होतात. सेटअपला जायला दोन आठवडे लागणार असतील तर आजपासून कॅपो लावूनच वाजवा.

जीला सा धरलं की कॉर्ड तुम्हाला स्वरांतच कळतील. जी म्हणजे सा-ग-प. सी म्हणजे म-ध-सा. डी म्हणजे प-नी-रे. ई मायनर म्हणजे ध-सा-ग. शुद्ध स्वरांतली बरीच सोपी गाणी या चार आकारांत बसतात आणि त्यांत एफ कुठंच लागत नाही. तो तीन महिने बाजूला ठेवला तरी काही अडत नाही. कोमल गंधार-धैवत-निषादाची गाणी असतील तेव्हा ए मायनरला सा धरा, सोबत डी मायनर आणि ई मायनर घ्या. तीव्र मध्यमाच्या चालींत मात्र म-ध-साची कॉर्ड खटकते. तिथं नुसते सा-प धरून ठेवा, तंबोऱ्यासारखे.

या चार आकारांसाठी बोटांची एक मांडणी देतो, तिच्यात दोन बोटं जवळजवळ हलतच नाहीत. अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या घरात आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या घरात रोवा. (घरं कॅपोपासून मोजायची.) जीसाठी मधलं बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या घरात, तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या घरात. आता ही दोनच बोटं एकेक तार खाली, बारीक तारांच्या दिशेनं सरकवा: मधलं पाचव्याच्या तिसऱ्यात, तर्जनी चौथ्याच्या दुसऱ्यात. झाली सी, एका जादा स्वरासह, पण कानाला गोड. यात सहावी तार छेडायची नाही. ई मायनरसाठी तर्जनी पाचव्याच्या आणि मधलं चौथ्याच्या दुसऱ्या घरात. डीसाठी फक्त करंगळी उचला, अनामिका आहे तिथंच, तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यात, मधलं पहिल्या तारेच्या दुसऱ्यात, आणि चौथ्या तारेपासून खाली छेडा. पुस्तकी सी आणि ई मायनर नंतर सावकाश शिका.

तार मुकी राहिली की ताकद वाढवू नका, आधी बोटाची जागा पाहा. बोट घराच्या मधोमध पडलं की जास्त जोर लागतो. ते पुढच्या धातूच्या अगदी मागं, त्याला जवळजवळ टेकून हवं. बोटाचं शेवटचं पेर उभं पडलं पाहिजे, आडवं पडलं की शेजारची तार झाकते. म्हणूनच डाव्या हाताची नखं टोकाच्या मागं जाईपर्यंत कापावी लागतात, वाढलेलं नख बोट उभं राहूच देत नाही. अंगठा दांडीच्या पाठीवर, साधारण मधल्या बोटाच्या मागं. हात नसलेल्या खुर्चीवर बसा आणि डाव्या पायाखाली जेवायचा पाट घ्या, म्हणजे दांडी थोडी वर येते आणि मनगट वळत नाही. जमिनीवर मांडी घालून बसलं की गिटार मागं कलते आणि तारा बघायला मान वाकते. उजव्या हातातल्या बांगड्या तेवढ्यापुरत्या काढून ठेवा, तारांवर वाजतात आणि फळीवर ओरखडे पडतात.

बोटांची टोकं दुखणं हे कुणालाच चुकत नाही. तारा नीट उंचीवर आल्या की रोजच्या थोड्या वाजवण्यानं तीन-चार आठवड्यांत घट्टे पडतात आणि दुखणं जातं. टोकं भाजल्यासारखी झाली की थांबा, लगेच पाण्यात भिजवू नका. भांडी घासून ओली झालेली बोटं घेऊन वाजवायला बसलं तर कातडी फाटते. मनगटात कळ किंवा बोटांना मुंग्या आल्या तर मात्र ते घट्ट्यांचं दुखणं नव्हे. दोन दिवस पूर्ण थांबा, बैठक तपासा, तरी राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. वयाचं म्हणाल तर ३६ व्या वर्षी बोटं वळणं थांबत नाही. या वयात अडचण वेळेची असते, आणि मुलांपेक्षा तुमचा कान आधीच तयार आहे.

वेळेसाठी रविवारचे दोन तास राखू नका. रोज पंधरा मिनिटं पुरेत, जमलं तर दोनदा. पाच मिनिटं कॉर्ड बदलण्याची: फोनवर एक मिनिट लावा, जी-सी-जी-सी असं बदलत जा आणि बदल मोजा. पहिल्या दिवशी आठ-दहा होतील. वहीत तारीख घालून लिहा. मिनिटाला तीस झाले की ती जोडी गाण्यात वापरायला तयार. पाच मिनिटं उजव्या हाताची, तबल्याच्या ॲपवर, सावकाश लयीत. केरव्याच्या आठ मात्रांना हात आलटून पालटून खाली-वर फिरू द्या, एकला खाली, दोनला वर असा. तो कधीच थांबवायचा नाही. तारांना मात्र १, ३, ४, ६, ७, ८ या मात्रांनाच लावायचा. पाचवी मात्रा खालीची, तिथं हात तारा न शिवता नुसता उतरतो. तुम्ही ठेका मोजत गायलेल्या आहात, हे दोन दिवसांत बसेल. दादऱ्याला १ आणि ४ ला एक जाड तार, बाकीच्या मात्रांना हलक्या हातानं बारीक तारा. उरलेली पाच मिनिटं गाणं, चुकलं तरी न थांबता. घरची झोपली असतील तर पिक (तारा छेडायची पातळ चकती) ठेवून द्या आणि अंगठ्याच्या मांसल भागानं छेडा, आवाज दाराबाहेर जात नाही.

आता तीन हजारांचा हिशोब. टेन गेजचा, म्हणजे नेहमीपेक्षा बारीक, फॉस्फर ब्राँझ तारांचा सेट साधारण ४५० रुपये. नेहमीच्या ट्वेल्व्ह गेजचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर जातो, टेनचा साठच्या आसपास राहतो, आणि ते बोटांना कळतं. सेटअप ८००, जादा सॅडल १००, स्प्रिंगचा कॅपो ३००, पाऊण मिमीच्या आतले दोन पिक ४० रुपये. झाले १,६९०. किमती दुकानागणिक थोड्या हलतील. ट्यूनर विकत घेऊ नका, फोन आहे. उरलेल्या १,३१० मधून क्लासचा एक महिना भरा, एकच. वर्षाची फी एकदम देऊ नका. क्लास हात तपासून घेण्यासाठी हवा: अंगठा, मनगट, बोटांचा कोन. हे फोनवरच्या व्हिडिओला दिसत नाही. भरण्याआधी सरांना विचारा, एका वेळी किती जण असतात, मोठ्यांसाठी वेगळी वेळ देता का, आणि ‘माझी चार गाणी मला गात वाजवायची आहेत’ याला त्यांचं उत्तर काय येतं. दहा मुलांना एकच धून पाठ करवून घेतली जात असेल तर ते पैसे राखून ठेवा. घरी शिकायला ‘जस्टिन गिटार’ या संकेतस्थळावरचा नवशिक्यांचा अभ्यासक्रम फुकट आहे. इंग्रजीत आहे, पण बोटांकडं बघूनही बरंच कळतं.

दिरांचा सल्ला चुकीचा नाही, त्याची वेळ आलेली नाही. सहा महिन्यांनी दहा गाणी वाजायला लागली आणि गिटारचा आवाज तोकडा वाटायला लागला, की यामाहाच्या एफ २८० सारखी प्लायच्या फळीची सरळ गिटार बघा, किंवा तशीच कुणाची तरी माळ्यावर पडलेली निम्म्या किमतीत घ्या. आपल्या दमट हवेत प्लायची फळी अखंड लाकडाच्या फळीपेक्षा कमी फुगते-आक्रसते. जुनी घेताना हीच पाच कार्डं खिशात घालून जा. हप्त्यांवर पहिली गिटार घेऊ नका. बोटांसाठी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार सुचवणारेही भेटतील. तारा मऊ खऱ्या, पण तिची दांडी नटपाशी ५२ मिमी रुंद असते आणि स्टीलची ४३, त्यामुळं आखूड बोटांना ती उलट लांब पडते. ती घेतलीच तर तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, ब्रिज उखडून येतो.

पावसाळाभर गिटार बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नका. पिशवीत घालून कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि वाजवून झाल्यावर तारा जुन्या सुती साडीच्या फडक्यानं पुसा. रोज तारा सैल करून ठेवायची गरज नाही, त्यानं दांडी उलट हलत राहते.

मापं घेऊन झाली की पुन्हा लिहा. सहाव्या तारेखाली किती कार्डं गेली, पहिलीखाली किती, सातव्या फ्रेटपाशी एटीएम कार्ड गेलं का, आणि एफचा आकार पाचव्या फ्रेटवर वाजला का, एवढं कळवलंत की गिटार दुरुस्त करायची की बदलायची हे नेमकं सांगता येईल.